अल्फा कॅप्पा अल्फा: वीस मोती आणि एक सनद

प्रश्न पुण्यातील एका पालकांचा असून तो थोडक्यात असा आहे: "आमची मुलगी अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. वसतिगृहातील मैत्रिणीबरोबर ती कृष्णवर्णीय मुलींच्या एका 'सोरोरिटी'च्या कार्यक्रमाला गेली होती आणि तेव्हापासून तिला त्याबद्दल फार कुतूहल वाटते आहे. कमला हॅरिस यांच्या निमित्ताने गुलाबी-हिरवा रंग आणि मोत्यांची माळ यांच्या बातम्या आम्हीही वाचल्या होत्या. ही नेमकी काय भानगड आहे? चित्रपटांत दिसतात तशा पार्ट्या करणाऱ्या मुलींचा हा गट आहे, की आपल्याकडच्या ज्ञातीच्या वसतिगृहासारखे काही आहे? तिने त्यात जावे का?"

उत्तर देण्यापूर्वी माझा अधिकार कितपत आहे ते सांगतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका विद्यापीठाच्या विद्यार्थी-कल्याण कार्यालयात मी बावीस वर्षे नोकरी केली. विद्यार्थी संघटनांची वार्षिक नोंदणी, सभागृहांचे आरक्षण, हिशेबांची तपासणी आणि अधूनमधून उद्भवणाऱ्या तक्रारींची चौकशी ही माझी कामे होती, आणि कृष्णवर्णीय मुलींच्या चारही प्रमुख सोरोरिटींच्या शाखांशी या ना त्या कारणाने माझा वर्षानुवर्षे संबंध आला. मी अर्थातच त्यांचा सभासद नाही. त्यामुळे त्यांचे अंतर्गत विधी कसे असतात हे मला सांगता येणार नाही, आणि ज्यांना ते ठाऊक आहेत त्या सांगणार नाहीत. मात्र त्यांचे कागद मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि या संस्थांचे मर्म विधींपेक्षा कागदांत अधिक आहे असे माझे मत आहे. ते मत कसे बनले हे सांगण्यासाठी सर्वांत जुन्या संस्थेचाच, म्हणजे अल्फा कॅप्पा अल्फाचाच इतिहास घेतो. हॅरिस याच संस्थेच्या सभासद आहेत, आणि गुलाबी-हिरवा रंगही हिचाच.

'सोरोरिटी' हा शब्द बहीण या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला आहे आणि सभासद स्त्रिया आजही एकमेकींना 'सोरर' म्हणून हाक मारतात. मराठीत 'भगिनीमंडळ' म्हटले तर शब्दार्थ साधतो. पण आपल्या डोळ्यांसमोर हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धा उभ्या राहतात, म्हणून मी मूळ शब्दच ठेवतो.

वॉशिंग्टन शहरातील हॉवर्ड विद्यापीठ १८६७ साली, म्हणजे यादवी युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी स्थापन झाले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत होते. या काळाचा संदर्भ अशासाठी दिला की, १९०८ साली तेथे शिकणाऱ्या मुलींच्या आजी-आजोबांच्या पिढीने गुलामगिरी प्रत्यक्ष पाहिलेली होती. त्यांच्या दृष्टीने ती इतिहासाच्या पुस्तकातील गोष्ट नव्हती, घरातीलच आठवण होती.

येथे एक रूढ समज दुरुस्त करणे आवश्यक आहे. गोऱ्या मुलींच्या सोरोरिटींनी दारे बंद केली म्हणून कृष्णवर्णीय मुलींनी आपली वेगळी चूल मांडली, असे सर्रास सांगितले जाते. इतर अनेक विद्यापीठांच्या बाबतीत ते खरे आहे. हॉवर्डच्या बाबतीत ते अपुरे आहे, कारण हॉवर्ड हे मुळातच कृष्णवर्णीयांचे विद्यापीठ होते आणि ज्यांच्या दारावरून परतावे लागेल अशा गोऱ्या सोरोरिटी तेथे नव्हत्याच. तेथील मुलींची अडचण निराळी होती. वर्गात त्या मुलग्यांच्या तुलनेत थोड्या होत्या, विद्यापीठाचा कारभार पुरुषांच्या हाती होता, आणि पदवी घेऊन बाहेर पडल्यावर वर्णामुळे आणि स्त्री असल्यामुळे अशा दोन्ही बाजूंनी कोंडी होणार हे त्यांना स्पष्ट दिसत होते. तेव्हा नकाराला प्रत्युत्तर म्हणून नव्हे, तर आपल्याला काय लागणार आहे ते ओळखून ही संस्था निघाली, असे मी मानतो.

कल्पना एथेल हेजमन या विद्यार्थिनीची. सेंट लुइसच्या समनर हायस्कुलातून शिष्यवृत्ती मिळवून ती १९०४ साली हॉवर्डला आली होती. तेथील एथेल रॉबिन्सन या शिक्षिकेने ब्राउन विद्यापीठातील आपल्या विद्यार्थिदशेतील सोरोरिटीच्या आठवणी तिला सांगितल्या आणि प्रोत्साहन दिले. १५ जानेवारी १९०८ रोजी मायनर हॉल या इमारतीत नऊ विद्यार्थिनींनी अल्फा कॅप्पा अल्फाची स्थापना केली. कृष्णवर्णीय महाविद्यालयीन स्त्रियांची ही पहिली ग्रीक-अक्षरी संस्था होय. पहिल्या नऊ जणी पदवीच्या उंबरठ्यावर असल्याने संस्था पुढे चालावी म्हणून लगेचच दुसऱ्या वर्षाच्या सात मुलींना घेण्यात आले, आणि त्याही संस्थापक मानल्या जातात. साल्मन माशाच्या मांसासारखा फिकट गुलाबी आणि कच्च्या सफरचंदाचा हिरवा हे रंग, आयव्हीच्या वेलीचे पान हे चिन्ह आणि 'संस्कृतीने आणि गुणवत्तेने' अशा अर्थाचे ब्रीद त्याच सुरुवातीच्या काळात ठरले.

ग्रीक अक्षरेच का, असा प्रश्न आपल्याकडील वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत विद्यार्थी संघटनांना ग्रीक अक्षरांची नावे देण्याची प्रथा अठराव्या शतकापासूनची आहे. पण हॉवर्डच्या मुलींनी ती उचलण्याला त्या काळी आणखी एक अर्थ होता. कृष्णवर्णीयांना सुतारकाम, शेती, शिवणकाम असे हाताचे शिक्षण द्यावे, की ग्रीक-लॅटिनसह पूर्ण विद्यापीठीय शिक्षण द्यावे, यावर बुकर टी. वॉशिंग्टन (हाताच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते) आणि डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस (विद्यापीठीय शिक्षणाचे पुरस्कर्ते) या दोन कृष्णवर्णीय नेत्यांच्या अनुयायांत तेव्हा कडाक्याचा वाद चालू होता. अशा वेळी एखाद्या कृष्णवर्णीय मुलीने ग्रीक अक्षरांची पिन छातीवर लावणे म्हणजे, ही विद्या आमचीही आहे, असे न बोलता सांगणे होते. आज कोणी या नावांना नुसते अनुकरण म्हणून हसले, तर त्याने हा वाद आठवावा.

आता या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या वळणाकडे येतो, आणि त्यावर थोडे थांबणार आहे. १९१२ च्या शरद ऋतूत संस्थेत बावीस विद्यार्थिनी सभासद होत्या आणि मायरा डेव्हिस ही त्यांची अध्यक्ष होती. या मुलींना वाटू लागले की संस्थेचे नाव, रंग, चिन्हे सर्व काही बदलावे. संस्थेला कायदेशीर अस्तित्व नाही, आणि नुसत्या स्नेहसंमेलनांपेक्षा सार्वजनिक प्रश्नांत, विशेषतः स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत, उघडपणे उतरावे. ही बातमी नेली क्वांडर या माजी अध्यक्षेच्या कानी गेली. ती त्याच वर्षी पदवी घेऊन वॉशिंग्टनमधील एका शाळेत शिकवू लागली होती. तिने बदलाला स्पष्ट नकार दिला, विचार बदलण्यासाठी मुलींना मुदत दिली, आणि ठिकठिकाणी विखुरलेल्या पदवीधर सभासदांना पत्रे लिहून पाठिंबा गोळा केला. बावीस जणी मागे हटल्या नाहीत. १३ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी डेल्टा सिग्मा थीटा ही नवी संस्था काढली. त्यानंतर सोळा दिवसांनी, २९ जानेवारी रोजी, क्वांडर आणि तिच्या सहकारी स्त्रियांनी अल्फा कॅप्पा अल्फाची राष्ट्रीय संस्था म्हणून रीतसर नोंदणी केली, म्हणजेच कायदेशीर सनद घेतली.

दोन्ही संस्थांच्या सभासदांकडून मी ही हकीकत ऐकलेली आहे, आणि दोघींचे सांगणे ऐकताना आपल्याकडील एखाद्या जुन्या घराण्याच्या वाटणीची आठवण होते. एकींच्या मते मूळ घर आम्ही राखले. दुसऱ्यांच्या मते घराला अर्थ आम्ही दिला. माझ्या मते दोघींचेही बरोबर आहे. परंतु नेली क्वांडरने जे केले त्याचे महत्त्व पुरेसे सांगितले जात नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे. विद्यार्थी संघटना कशा मरतात हे मी बावीस वर्षे पाहिले आहे. उत्साही मुलांची एक तुकडी येते, झेंडे फडकतात, तुकडी पदवी घेऊन जाते आणि तिसऱ्या वर्षी कपाटात फक्त फलक उरतात. क्वांडरने सनद घेतली तेव्हा संस्थेचे मालक त्या-त्या वर्षीचे विद्यार्थी नाहीत, पदवी घेऊन बाहेर पडलेल्या स्त्रियाही तितक्याच मालक आहेत, हे कायद्याच्या भाषेत ठरले. सभासदत्व मरेपर्यंतचे असते, हे या संस्थांचे वैशिष्ट्य याच निर्णयातून पक्के झाले. नोंदणीच्या कामातील चौघींना संस्थापकांतच धरतात. नऊ, सात आणि चार मिळून वीस होतात, आणि सभासदांच्या माळेतील वीस मोती म्हणजे त्या वीस जणी.

नव्या डेल्टा संस्थेनेही आपला शब्द फार काळ लांबवला नाही. स्थापनेनंतर पन्नास दिवसही झाले नव्हते, तोच ३ मार्च १९१३ रोजी, वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी स्त्रियांची प्रचंड मिरवणूक निघाली आणि डेल्टाच्या मुली तीत चालल्या. हे सोपे नव्हते. दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रियांना कृष्णवर्णीय स्त्रिया बरोबर नको होत्या, आणि त्यांना अगदी शेवटी चालवावे असा घाट घातला गेला होता. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी तो मानला नाही. मिरवणूक सुरू झाल्यावर त्या गर्दीतून पुढे येऊन आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत सामील झाल्या. या मिरवणुकीसंबंधी एक लहानशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. आयोजक अॅलिस पॉल यांना फेब्रुवारीतच हॉवर्डच्या मुलींसाठी सन्मानाची जागा मागणारी आणि वर्णावरून दुजाभाव होणार असेल तर आम्हाला यायचे नाही असे बजावणारी पत्रे गेली होती, आणि ती लिहिणारी होती नेली क्वांडर. म्हणजे मताधिकाराची कळकळ फक्त फुटून निघालेल्या बावीस जणींनाच होती, हे सांगणेही एकांगी ठरते.

संस्थापकांपैकी एकीचे चरित्र थोडक्यात सांगतो, म्हणजे या स्त्रिया कोणत्या मुशीतल्या होत्या ते कळेल. ल्यूसी स्लो ही पहिल्या नऊ जणींपैकी. बाल्टिमोर येथे १९१७ साली कृष्णवर्णीयांच्या टेनिस संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा स्त्रियांच्या एकेरीचे विजेतेपद तिने मिळवले आणि टेनिसमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री ठरली. पुढे वॉशिंग्टनमधील एका ज्युनियर हायस्कूलची ती मुख्याध्यापिका झाली, आणि १९२२ साली हॉवर्ड विद्यापीठात स्त्री-विद्यार्थ्यांची अधिष्ठाता म्हणून परतली. मुलींवर नुसती नजर ठेवणारी वॉर्डन होण्याचे तिने नाकारले; मुलींना स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या प्रौढ व्यक्ती म्हणून वागवावे, यासाठी ती १९३७ साली मृत्यू येईपर्यंत विद्यापीठाच्या वरिष्ठांशी झगडत राहिली. ज्या खात्यात मी आयुष्य घालवले, त्या खात्याची ती एक पूर्वज आहे, असे मी आदराने म्हणेन.

संस्थेची ध्येये कागदावर पाच आहेत: अभ्यासाची आणि नीतीची उच्च पातळी राखणे, सुशिक्षित स्त्रियांत ऐक्य आणि मैत्री वाढवणे, मुलींच्या आणि स्त्रियांच्या प्रश्नांचा अभ्यास करून ते हलके करणे, महाविद्यालयीन जीवनाशी संबंध टिकवणे, आणि सर्व मानवजातीची सेवा करणे. अशी ध्येये कोणतीही संस्था लिहू शकते. ती खरी आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी मिसिसिपीत जावे लागते.

मंदीच्या काळात मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीय कुटुंबे बहुतांशी दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने कापूस पिकवत होती, आणि दुकानदार-जमीनदाराचे कर्ज कधी फिटत नव्हते. संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्षा आयडा लुईस जॅक्सन, ज्या ओकलंडच्या सरकारी शाळांतील पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका होत्या, त्यांनी १९३४ च्या उन्हाळ्यात तेथील लेक्सिंग्टन गावी ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा चालवली. तेथे त्यांच्या लक्षात आले की पोरे आजारी असताना शिक्षकांना शिकवून काय उपयोग. पुढच्या वर्षी आरोग्य मोहीम निघाली आणि तिची सूत्रे डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्याकडे आली. टफ्ट्स वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या फेरेबी वॉशिंग्टनमध्ये व्यवसाय करत होत्या.

ही मोहीम मला जवळून पाहावीशी वाटते. सुटीच्या दिवसांत आपापली नोकरी बाजूला ठेवून आलेल्या डॉक्टर, परिचारिका, शिक्षिका आणि समाजसेविका स्वतःच्या मोटारी चालवत शेकडो मैल दक्षिणेकडे निघाल्या. वाटेत कृष्णवर्णीयांना राहण्यास हॉटेल नाही, जेवायला खानावळ नाही, आणि मोटार चालवणारी कृष्णवर्णीय स्त्री दिसली की भुवया उंचावणार. गावोगावी दवाखाने उघडून लोकांना बोलावायचे, असा बेत होता. तो पहिल्याच वर्षी फसला, कारण मळ्यांचे मालक आपल्या अर्धेलकऱ्यांना मळा सोडून जाऊ देईनात. बाहेरून आलेल्या शिकलेल्या बायका आपल्या माणसांच्या कानात काय सांगतील, याची त्यांना धास्ती होती. तेव्हा लोक दवाखान्यात येऊ शकत नाहीत तर दवाखाना लोकांकडे न्यायचा, असे फेरेबींनी ठरवले. मोटारींत औषधे, लसी आणि तपासणीचे सामान भरून त्या थेट कपाशीच्या शेतांत गेल्या. घोड्यावर बसलेले, कमरेला बंदूक लावलेले मुकादम जवळ येऊन आपले बोलणे ऐकत उभे राहत, असे फेरेबींनी पुढे सांगून ठेवले आहे. त्या नजरेखाली मुलांना देवी आणि घटसर्प यांच्या लसी टोचल्या गेल्या, दात तपासले गेले, आहार आणि स्वच्छता यांबद्दल सांगितले गेले. दर उन्हाळ्यात काही आठवडे याप्रमाणे ही मोहीम दुसऱ्या महायुद्धापर्यंत चालली आणि तीत सुमारे १५,००० लोकांवर उपचार झाले. युद्धकाळात पेट्रोल आणि टायर यांच्यावर नियंत्रण आले, तेव्हा ती थांबवावी लागली.

पदवीधर सभासदांची वर्गणी, ठिकठिकाणच्या शाखांनी जमवलेले कपडे आणि औषधे, आणि सुटीवर काय खर्च करायचा हे स्वतः ठरवू शकणाऱ्या नोकरदार स्त्रिया, यांशिवाय हे घडले नसते. चार वर्षांनी विसर्जित होणाऱ्या विद्यार्थी मंडळाला हे जमले नसते. १९१३ च्या त्या सनदेचा अर्थ मला कपाशीच्या शेतातील त्या मोटारींत दिसतो.

याच अनुभवातून वैद्यकीय मदत पुरेशी नाही, कायदे बदलले पाहिजेत, हेही संस्थेला उमगले असावे. संस्थापकांपैकी नॉर्मा बॉइड यांच्या पुढाकाराने १९३८ साली वॉशिंग्टनमध्ये एक कायमस्वरूपी कार्यालय उघडण्यात आले. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, कोणते विधेयक आले आहे, त्यात घरकामगार आणि शेतमजूर यांना, म्हणजेच बहुसंख्य कृष्णवर्णीयांना, वगळले आहे काय, यावर पाळत ठेवणे आणि सभासदांकडून लोकप्रतिनिधींना पत्रे धाडणे हे त्याचे काम. नंतरच्या काळातील एकच उदाहरण देतो: १९६५ साली क्लीव्हलँड येथे गरीब तरुणींसाठीचे रोजगार-प्रशिक्षण केंद्र चालवण्याचे सरकारी कंत्राट संस्थेने घेतले आणि तीस वर्षे ते चालवले.

इतर तीन सोरोरिटींबद्दल थोडक्यात लिहितो. त्यांच्यावर अन्याय होतो आहे याची मला जाणीव आहे. डेल्टाच्या पहिल्या राष्ट्रीय अध्यक्षा सेडी अलेक्झांडर यांनी १९२१ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून अर्थशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली, आणि हा विषय घेऊन ती पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन होत्या. नागरी हक्क चळवळीतील डोरोथी हाइट याही डेल्टाच्या अध्यक्षा होत्या. १९८१ साली मताधिकाराच्या मिरवणुकीचे स्मरण म्हणून हजारो डेल्टा स्त्रिया वॉशिंग्टनमध्ये पुन्हा चालल्या, तेव्हा अग्रभागी होत्या बर्था पिट्स कॅम्पबेल, मूळच्या बावीस जणींपैकी एक, वय ९२. झीटा फाय बीटा १९२० साली हॉवर्डमध्येच निघाली, आणि आधीच्या दोन्ही संस्था फार उच्चभ्रू होत चालल्या आहेत ही तक्रार तिच्या मुळाशी होती. सिग्मा गामा ऱ्हो मात्र १९२२ साली इंडियानापोलिस येथे, बटलर या बहुसंख्य गोऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात, सात शिक्षिकांनी स्थापन केली, आणि तीही कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेने इंडियाना राज्य पोखरलेले असताना. वर ज्या रूढ समजाबद्दल लिहिले, तो खरा कुठे लागू पडतो तर येथे.

दोषही सांगितलेच पाहिजेत. झीटाच्या संस्थापकांची तक्रार निराधार नव्हती. कोणत्या घरातली, कोणत्या डॉक्टरची वा मुख्याध्यापकाची मुलगी, रंगाने किती उजळ, यावर दारे उघडत वा बंद होत असल्याच्या कडवट आठवणी जुन्या पिढीतील पुष्कळ स्त्रिया सांगतात. हॉवर्डमध्येच शिकवणारे समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या या समारंभप्रिय जगावर विसाव्या शतकाच्या मध्यात कठोर टीका केली, आणि ती आजही वाचवत नाही इतकी झोंबते. दुसरा दोष नव्या मुलींच्या छळाचा. आपल्याकडील रॅगिंगसारखाच हा प्रकार असून, प्रवेशापूर्वीची दीर्घ उमेदवारी त्याचे निमित्त ठरते हे ओळखून, कृष्णवर्णीय सोरोरिटी आणि फ्रॅटर्निटी (मुलग्यांच्या अशाच संस्था) यांच्या राष्ट्रीय प्रमुखांनी १९९० साली ती उमेदवारी एकत्रितपणे बंद केली. कागदावर बंद झाली, असे म्हणणे अधिक खरे. चोरून चालणाऱ्या प्रकारांच्या तक्रारी माझ्या टेबलावर नंतरही आल्या, आणि त्यातील एका प्रकरणात आम्हाला एक शाखा काही वर्षांसाठी बंद करावी लागली. ज्या मुलीने तक्रार केली तिला नंतर ज्या अबोल्याला तोंड द्यावे लागले, ते मी विसरलेलो नाही. तेव्हा आपल्या मुलीला एवढे निःसंदिग्ध सांगावे: कोणी गुप्तपणे रात्री बोलावले, पैसे मागितले, झोपू दिले नाही वा अंगाला हात लावला, तर ती परंपरा नव्हे, गुन्हा आहे, आणि बहुतेक राज्यांत कायद्यानेही तो गुन्हाच आहे.

दुसऱ्या बाजूचे एक दृश्यही माझ्या नजरेसमोर आहे. विद्यार्थिनींच्या शाखेचा हिशेब दोनशे-काही डॉलरांनी जुळत नव्हता, म्हणून मी खजिनदार मुलीला बोलावले होते. ती आली ती त्यांच्या पदवीधर शाखेतील सल्लागार बाईंना घेऊन. बाई निवृत्त शिक्षिका, वय पंचाहत्तरच्या पुढे, फिकट गुलाबी कार्डिगन, गळ्यात माळ. त्यांनी मला एक शब्द न विचारता पिशवीतून पावत्यांचे पाकीट काढले, चष्मा लावला आणि मुलीला एकेक पावती मोठ्याने वाचायला लावली. पाऊण तासाने चूक सापडली: अन्नदान मोहिमेसाठी आणलेल्या डबाबंद घेवड्याची पावती दोनदा लिहिली गेली होती. बाईंनी मुलीकडून वहीत दुरुस्ती करून घेतली, खाली दिनांक घालायला लावला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की, १९५० च्या दशकात मी खजिनदार होते तेव्हा माझ्याही बाई मला अशाच शेजारी बसवून घेत असत. रागावण्याचा सूर नव्हता. मुलगी पुढे सनदी लेखापाल झाली, आणि सोररच्या लग्नात माळ घालून मिरवत असलेली तिची छायाचित्रे मला अजूनही येतात.

हॅरिस यांच्याबद्दल. त्या हॉवर्डमध्ये शिकत असताना १९८६ साली संस्थेच्या मूळ शाखेत दाखल झाल्या. आई श्यामला गोपालन तमिळ आणि वडील जमैकाचे. तेव्हा भारतीय वंशाची मुलगी या वर्तुळात असू शकते काय, याचे उत्तर त्यांच्या उदाहरणात अर्धे तरी मिळते. २०२१ साली त्यांच्या उपराष्ट्रपतिपदाच्या शपथविधीच्या दिवशी देशभर स्त्रियांनी मोत्यांच्या माळा घातल्या त्याचे कारण वर आलेच आहे. जुलै २०२४ मध्ये त्या डॅलस येथे अल्फा कॅप्पा अल्फाच्या महाअधिवेशनात बोलल्या आणि दोन आठवड्यांनी इंडियानापोलिस येथे झीटाच्या. बातम्यांनी याला प्रचारसभा म्हटले. परंतु तीन लाखांहून अधिक सभासद असलेल्या, शंभर वर्षे वर्गणी गोळा करून इतिवृत्ते लिहीत आलेल्या संस्थेत एखादी सभासद भाषण करते तेव्हा ती नुसती उमेदवार नसते.

म्हणून आपल्या प्रश्नांची उत्तरे. पार्ट्या होतात, पण तो त्यांचा धंदा नव्हे; तालावर पाय आपटत केलेली सामूहिक नृत्ये आपल्या मुलीने पाहिली असतील, ती पाहण्यासारखीच असतात. ज्ञातीच्या वसतिगृहाशी साम्य आहे ते एवढ्यापुरते की, दोन्ही ठिकाणी आधी शिकलेल्यांनी मागून येणाऱ्यांचा भार उचलला. फरक असा की येथे जन्माने प्रवेश मिळत नाही, निवड होते, आणि वंशाची अटही नाही. इतर वंशांच्या सभासद थोड्या आहेत, पण आहेत. चांगले गुण, समाजसेवेचा खरा अनुभव आणि सभासदांचा विश्वास लागतो. खर्च बराच येतो, आणि तो दर वर्षी येत राहतो. पहिल्या वर्षाच्या मुलीने घाई करण्याचे कारण नाही; पदवीनंतरही, अगदी चाळिशीतही स्त्रियांना निमंत्रण येते. आणि या संस्थेचा इतिहास आपला नसताना तिची माळ घालण्याची इच्छा का होते आहे, हे तिने आधी स्वतःला विचारावे. मैत्रीण आवडते हे उत्तर असेल तर मैत्री पुरेशी आहे.

उत्तर त्यापलीकडचे निघाले, तर तिने त्यांच्या सर्वांना खुल्या असलेल्या कार्यक्रमांना जात राहावे. मतदार नोंदणीचे टेबल, रक्तदाब तपासणी, शाळकरी मुलींची शिकवणी असे पुष्कळ काही चालू असते, आणि मदतीला आलेल्या हातांना कोणी नाही म्हणत नाही. मला सभासद व्हायचे आहे, असे उघड बोलून दाखवणे तेथे असभ्य समजतात. आणखी एक, जे कोणी सांगत नाही आणि नव्या मुली हमखास चुकतात: त्या कार्यक्रमांना जाताना तिने गुलाबी-हिरवे कपडे घालू नयेत, आणि आजीने दिलेली मोत्यांची माळ असली तरी ती त्या दिवशी खोलीवरच ठेवावी.